लाल शाईची एक ओळ आणि दादांची सही

एका वाचकाचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढलेत). लिहिणारे ग्वाल्हेरचे, घर लश्कर भागात, फौजेत हवालदार, सर्व्हिस 17 वर्षं. वडील फौजेतूनच सुभेदार होऊन रिटायर झालेले, घरात त्यांना सगळे दादा म्हणतात. अडीच वर्षांपूर्वी पत्र लिहिणारे वार्षिक सुट्टीवर आले होते आणि परत निघायच्या आदल्या रात्री दादांना पॅरालिसिसचा अटॅक आला. घरात आई, बायको आणि लहान मुलगी, दुसरं कोणी नाही. यांनी युनिटला फोन केला, पलीकडून "बघतो, तू सांभाळ" एवढं उत्तर आलं, कागदावर काहीच झालं नाही, आणि हे 16 दिवस उशिरा पोचले. पेशी (कमांडिंग ऑफिसरसमोरची सुनावणी) झाली, यांनी "गलती झाली साहेब" म्हणून मान्य केलं, सीव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) मिळाली आणि कंडक्ट शीटवर, म्हणजे वर्तनाच्या नोंदपत्रावर, लाल शाईची एंट्री (गंभीर शिक्षेची नोंद) पडली. आता नायब सुभेदारीच्या प्रमोशनचा बोर्ड (निवड मंडळ) जवळ आलाय. चुलतभाऊ म्हणतो आमदाराचं पत्र आण नाहीतर व्हिडिओ टाक, एक दोस्त म्हणतो सीओवर (कमांडिंग ऑफिसरवर) पक्षपाताचा आरोप कर, बायको म्हणते सोडून द्या, पेन्शन घ्या आणि घरी या. दादांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीत एकही लाल ओळ नव्हती, त्यांना कळलं तर ते खचतील असं यांना वाटतं. प्रश्न दोन आहेत, ही एंट्री निघेल का, आणि माझं करिअर संपलंय का.

भाऊ, तुमचं पत्र आलं त्या दिवशीच वाचलं पण उत्तराला आठवडा घेतला, कारण घाईत "अपील करा" नाहीतर "सोडून द्या" असं काहीतरी लिहून मोकळं होणं मला जमलं नसतं. मी स्वतः फौजेत क्लार्क म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन निघालो, कंडक्ट शीटवर लाल पेनने ओळ लिहायचं काम माझ्या हातून किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. टोपी-बेल्ट काढून माणूस आत मार्च होतो, आरोप वाचला जातो, दोन प्रश्न, दोन उत्तरं, शिक्षा, आणि बाहेर. पाच मिनिटांत आटपतं सगळं आणि मग तो कागद माझ्या टेबलावर यायचा. त्या पाच मिनिटांत तुम्ही "गलती झाली" म्हणालात हे मला पूर्ण समजतं, बाहेर उभे असलेले सगळे तेच शिकवतात की मान्य कर आणि मोकळा हो, त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण त्या एका वाक्याने दादांचा अटॅक, हॉस्पिटल, रात्रीची जागरणं, सगळं फाइलीच्या बाहेर राहिलं आणि कागदावर फक्त एवढंच उरलं की अमुक हवालदार सुट्टीवरून 16 दिवस उशिरा आला.

आधी "करिअर संपलं" हे बघू. युनिटात "चार लाल झाल्या की घरी" असं जे बोललं जातं त्याच्यामागे सेना मुख्यालयाचं 28 डिसेंबर 1988 चं पत्र आहे, चार किंवा जास्त रेड इंक एंट्री असलेल्यांना काढायची प्रोसिजर त्यात दिलीय. तुमची एंट्री एक आहे, चार नाहीत. आणि चार असत्या तरी, ऑक्टोबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने वीरेंद्रकुमार दुबे केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की नुसती चारची गिनती झाली म्हणून डिस्चार्ज करता येत नाही, आधी चौकशी हवी, आणि गुन्हे कुठल्या प्रकारचे, सर्व्हिस किती, कठीण जागी पोस्टिंग किती झाल्या, पेन्शन किती जवळ आलीय हे सगळं बघायला हवं. जवान-हवालदाराला पेन्शनसाठी 15 वर्षं लागतात, तुमची 17 झालीत. म्हणजे रात्री झोप उडवणारी जी भीती तुम्ही लिहिलीय, रिकाम्या हाताने घरी पाठवतील ही, ती या एका ओळीतून येत नाही. ती बाजूला ठेवा, डोकं दुसऱ्या कामाला लागणार आहे.

बोर्डाचं मात्र खरं आहे, तिथे ही ओळ आडवी येऊ शकते. पण प्रमोशनच्या डिसिप्लिन क्रायटेरियात एंट्री किती आहेत याच्याबरोबर त्या किती जुन्या आहेत हेही बघतात, म्हणून पहिलं काम, तुमच्या आर्मला (फौजेतल्या शाखेला) लागू असलेलं सध्याचं पॉलिसी लेटर हेड क्लार्ककडून मागून स्वतः वाचा आणि कॅलेंडर घेऊन बसा. तुमच्या एंट्रीची तारीख त्या मुदतीतून कधी बाहेर पडते, बोर्ड कधी आहे, आणि हा चान्स गेला तर पुढचा कधी. मी असे लोक पाहिलेत जे वर्षभर अर्जांच्या मागे पळाले आणि ज्या दिवशी उत्तर आलं त्याच्या आधीच त्यांची एंट्री आपोआप मोजणीतून बाहेर पडलेली होती. तुमचं तसं असेल तर बायको म्हणते त्यातलं अर्धं बरोबर, धावपळ नको. पण नोकरी सोडायचं कारण त्यातही नाही. त्यांना एवढंच विचारा की त्यांना तुम्ही घरी हवे आहात का तुमचा हा त्रास थांबायला हवा आहे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला वाटतं त्या दुसरी मागतायत.

आता एंट्री निघेल का. तुमच्या पत्रात एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत, "चूक माझीच होती पण माझ्यावर अन्याय झाला". बोलताना माणूस असं बोलतोच, मी पण बोलीन, पण अर्जात हे वाक्य गेलं की वाचणारा साहेब पहिला अर्धा भाग पकडतो आणि फाइल बंद करतो. चूक होती पण शिक्षा हलकी करा, ही एक मागणी झाली, आणि हा गुन्हा बनतच नव्हता म्हणून शिक्षा रद्द करा, ही दुसरी. दोन्हीचे कागद वेगळे, भाषा वेगळी. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते आधी ठरवा.

माझं मत विचारता तर तुमच्याकडे दुसऱ्या बाजूला उभं राहायला जागा आहे. आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 39 काढून बघा, सुट्टी संपल्यावर उशिरा येण्याबद्दल जे लिहिलंय त्यात "पुरेशा कारणाशिवाय" असे शब्द आहेत. म्हणजे नुसता उशीर हा गुन्हा नाही, कारण नसताना केलेला उशीर हा गुन्हा आहे. वडील बेशुद्ध, घरात दुसरा पुरुष नाही, हे कारण पुरेसं आहे का नाही यावरच तुमची पूर्ण केस उभी आहे, आणि तो प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही कारण तुम्ही तो समोर ठेवलाच नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे भाऊ, 16 दिवसांत एक लेखी अर्ज तुमच्याकडून गेला नाही. ते लपवू नका. "फोन केला होता, लेखी कळवायला हवं होतं, त्या अवस्थेत सुचलं नाही" असं सरळ लिहिलेलं वाक्य वकिली भाषेच्या दोन पानांपेक्षा जास्त वजन ठेवतं, हे मी कित्येक निवेदनं टाइप करून आणि त्यांची उत्तरं फाइल करून सांगतोय.

मग कागद जमवा. पेशीचा ऑफेन्स रिपोर्ट, कंडक्ट शीटची नक्कल, आणि त्या 16 दिवसांचा हिशोब नंतर कसा लागला त्याची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमधल्या नोंदींसाठी युनिट काढतं तो आदेश). ही शेवटची फार महत्त्वाची आहे. ते दिवस पुढे तुमच्या शिल्लक सुट्टीत टाकून रेग्युलर केले असतील तर मग ज्या दिवसांना सुट्टी धरली त्याच दिवसांची गैरहजेरीची शिक्षा कशी, हा मुद्दा मांडण्यासारखा आहे. तारखाही मोजा, सुट्टीचा शेवटचा दिवस, प्रवासाचे दिवस, पोचल्याची वेळ, बोटांवर मोजा, मोजणीत चुका होतात. पेशीच्या वेळी साक्षीदार समोर बोलला का, त्याला प्रश्न विचारायची आणि आपला साक्षीदार द्यायची संधी दिली का तेही आठवून लिहा, आर्मी रूल 22 मध्ये तो हक्क आहे. कागद आधी युनिटातूनच साध्या अर्जाने मागा. नाहीच मिळाले तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली, 10 रुपये फी आणि 30 दिवसांची मुदत, स्वतःच्या रेकॉर्डसाठी हे करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि तो फोन! कॉल रेकॉर्ड दोन वर्षं ठेवायची कंपन्यांवर सक्ती आहे, तो काळ तर गेला, पण तुम्ही लिहिलंय की प्लाटून हवालदाराला व्हॉट्सॲपवर मेसेज पण टाकला होता. फोन बदलायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा, आज घ्या.

आता मी ज्यासाठी आठवडा घेतला ते. तुमच्या सगळ्या केसचा खांब म्हणजे हॉस्पिटलचे कागद, आणि ते तुमच्याकडे नाहीत, दादांच्या कपाटात एक-दोन पर्च्या असतील फार तर. डॉक्टरांसाठी 2002 चे जे नियम आहेत त्यात भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचं बंधन आहे, आणि मागितलं तर 72 तासांत द्यायचं. अडीच वर्षं तर गेली. तुम्ही बोर्डाची तारीख बघताय पण मला त्याच्याआधी ही दुसरी तारीख दिसतेय, सहा महिन्यांनी कोणी म्हणालं की जुनं रेकॉर्ड काढून टाकलं तर तुमच्या हातात "पुरेसं कारण" सिद्ध करायला काहीच उरणार नाही. आणि हे रेकॉर्ड मागायचा हक्क कोणाचा, पेशंटचा. म्हणजे दादांचा. किंवा दादा लिहून देतील त्या माणसाचा.

म्हणून दादांना न सांगता हे होणार नाही. आणि खरं सांगू का, कागदांचं कारण नसतं तरी मी हेच म्हणालो असतो. तुम्ही धरून चाललाय की एंट्रीचं कळलं की ते खचतील. तुम्हाला ते ठाऊक असेल तसं मला नाही ठाऊक, ते तुमचे वडील आहेत. पण मी त्यांच्या पिढीच्या सुभेदारांबरोबर नोकरी केलीय. पेशीला जवानाला आत आणणारे, त्याच्या शेजारी उभे राहणारे तेच असायचे. लाल ओळ कशी पडते, कोणाची बरोबर पडते आणि कोणाची नुसती नशिबाने, हे त्यांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. त्यांना धक्का बसेलच, आपल्यामुळे पोराला डाग लागला असंही त्यांना वाटेल, त्याची तयारी ठेवा. पण अडीच वर्षं तुम्ही सुट्टीवर येता, त्यांच्याजवळ बसता आणि बोर्डाचा विषय निघाला की उठून जाता, हे तुम्हीच लिहिलंय. रिटायर्ड सुभेदाराला काही कळत नसेल असं वाटतं तुम्हाला? कदाचित ते याहून वाईट काहीतरी मनात धरून बसले असतील. "दादा, तुमच्यामुळे नाही झालं, मी लिहून कळवलं नाही म्हणून झालं, आणि आता तुमची मदत हवी" असं म्हणा. शेवटचा भाग गाळू नका, मदत मागितलेल्या माणसाला खचायला वेळ नसतो.

तुम्ही लिहिलंय त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नाही. सही हलली तर हॉस्पिटलवाले अडवतील म्हणून आधीच अधिकारपत्र तयार करा, अंगठा लावून, दोन साक्षीदारांच्या सह्या, दोघांचे आधार कार्ड.

कागद हातात आले की कलम 26 खाली तक्रार. अधिकारी सोडून बाकी सगळ्यांसाठी हाच कायद्यातला रस्ता आहे, कंपनी कमांडरकडे द्यायची, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे तोच अर्ज घेणारा अधिकारी असेल तर त्याच्या वरच्याकडे. घेणाऱ्या अधिकाऱ्यावर पूर्ण तपास करून गरज पडली तर वर पाठवायचं बंधन आहे, शेवट लष्करप्रमुखांकडे होतो आणि त्यांच्या निर्णयावर केंद्र सरकार फेरविचार करू शकतं. लेखी द्या, पोच घ्या, नकल ठेवा. उशीर का झाला त्याचा एक वेगळा पॅरा टाका, वडिलांची तब्येत आणि माहितीचा अभाव, जे खरं असेल तेच.

तुमच्या दोस्ताचा पक्षपाताचा सल्ला इथे येतो. सीओने तुमच्याशी आकसाने केलं याचा एक तरी पुरावा आहे का? पत्रात तर नाही. कलम 56 वाचा, 26 खालच्या तक्रारीत कोणाच्या चारित्र्याला लागेल असं जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर त्याचीच शिक्षा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि शिक्षेचं सोडा, त्या साहेबासमोर जे ठेवलं गेलं त्यावर त्याने निर्णय दिला. त्याला वाईट ठरवल्याशिवाय तुमची केस उभी राहते, मग कशाला.

आमदाराचं पत्र नको. सर्व्हिसमध्ये असताना बाहेरून वजन टाकणं शिस्तीच्या विरुद्ध धरतात, चांगला अर्ज त्याने बिघडतो. व्हिडिओ तर मुळीच नको. जानेवारी 2017 मध्ये जवानांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते तेव्हा लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी आर्मी डेला सरळ बजावलं होतं की असं करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. चुलतभावाला प्रेम आहे म्हणून बोलतो तो, पण दुसरी लाल ओळ त्याच्या नाही, तुमच्या शीटवर पडेल.

उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. मध्य प्रदेशासाठी बेंच जबलपूरला आहे, पण तुम्ही नोकरीत आहात म्हणून तुमची पोस्टिंग जिथे आहे किंवा हे जिथे घडलं तिथलं बेंच बघावं लागेल, रिटायर माणसाला मात्र राहत्या ठिकाणचं चालतं. तिथे जायच्या आधी खात्याचे रस्ते संपवावे लागतात, अर्ज देऊन सहा महिन्यांत उत्तर नसेल तर ते संपले असं धरतात, आणि मग पुढच्या सहा महिन्यांत केस टाकायची, निर्णय आला असेल तर निर्णयापासून सहा महिने. एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, ट्रिब्युनलच्या 2007 च्या कायद्यात समरी (झटपट सुनावणीत दिलेल्या) शिक्षांबद्दल बोलताना "बडतर्फी झाली असेल तर" असं लिहिलंय, तुमची रेप्रिमांड आहे, म्हणजे हे प्रकरण आमच्याकडे येतच नाही असा आक्षेप सरकारी वकील घेऊ शकतो. म्हणून वकील असा बघा ज्याने फौजी केसेस चालवल्यात, आणि हायकोर्टात रिट करायची का ट्रिब्युनलला जायचं हे त्याच्याकडून लेखी घ्या, ग्वाल्हेरला हायकोर्टाचं खंडपीठ आपल्या दारात आहे म्हणून तिथेच जाऊ असं नको. पण माझा सल्ला, कोर्टाचा विचार आत्ता नको, आधी 26 ची तक्रार नीट जाऊ द्या. पुष्कळ गोष्टी तिथेच सुटतात, आणि नाही सुटल्या तरी कोर्ट पहिल्यांदा तोच कागद मागतं.

तुमच्यासारखे अजून किती जण हे वाचत असतील, मुरारपासून महूपर्यंत आपल्या लोकांची घरं फौजेवर चालतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्वी घरी काही झालं की "फादर सीरियस एक्सटेंड लीव्ह" अशी तार जायची, तारेची पावती खिशात असायची आणि पेशीत तीच कामी यायची. जुलै 2013 ला तार बंद झाली आणि तिची जागा फोनने घेतली, फोनची पावती नसते. म्हणून घरी संकट आलं की त्याच दिवशी युनिटला स्पीड पोस्ट आणि ईमेल, बरोबर डॉक्टरचं पत्र, आणि जमलं तर जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला जाऊन लेखी कळवायचं. जवान स्वतः हॉस्पिटलच्या बाकावर बसला असेल तर बायकोने करायचं, मुलाने करायचं, शेजाऱ्याने करायचं. घरातल्या बायकांना युनिटचा पत्ता आणि ईमेल पाठ असायला हवा, फ्रिजवर चिकटवून ठेवा.

भाऊ, तुम्ही 20 तारखेपर्यंत घरी आहात ना. दादांशी बोलायला रात्रीचं जेवण झाल्यावरची वेळ घ्या, आई तिथे असू दे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रिक्षात बसवून रेकॉर्डच्या खिडकीवर स्वतः बरोबर न्या, अधिकारपत्र असलं तरी न्या, पेशंट समोर उभा असला की नाही म्हणणं अवघड जातं. आणि तक्रारीचा कच्चा कागद आधी त्यांनाच वाचायला द्या. हात चालत नसेल, पण अर्जात तारीख कुठे टाकायची आणि कुठलं वाक्य साहेबाला खटकेल हे ते अजूनही वाचता वाचता सांगतील.